बगदादच्या दरबारातले दोन दिवस : 'एक' म्हणजे नक्की किती?

लोकलमध्ये नेटवर्क गेलं, हेडफोन घरी राहिला, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणंच बरं वाटतं, अशा सगळ्यांसाठी या वेळचा एपिसोड नेहमीप्रमाणे इथे लिहून ठेवलाय. थोडा सावकाश वाचा, कारण विषय जरा जड आहे. गोष्ट मात्र मस्त आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करूया. धर्मावरच्या कुठल्याही व्हिडिओखालच्या कमेंट्स उघडा. दहातल्या दोन-तीन तरी अशा सापडतील : 'देव एकच, मग त्याला मुलगा कसा?' त्याखाली लगेच उलट उत्तर, मग शिव्या, मग ब्लॉक. हा प्रश्न आजचा नाही बरं का. जवळपास १२५० वर्षांपूर्वी तो बगदादच्या दरबारात, खुद्द खलिफाने, एका ख्रिस्ती धर्मप्रमुखाला समोरासमोर विचारला होता. पुढचे दोन दिवस दोघं बोलत राहिले. ब्लॉक करायची सोय नव्हती.

त्या दोन दिवसांची ही गोष्ट.

आधी माणसं ओळखून घेऊ

साल साधारण ७८१-८२. बगदाद शहर अजून नवंकोरं आहे. खलिफा मन्सूर यांनी ७६२ मध्ये ते वसवायला घेतलं, म्हणजे शहराचं वय जेमतेम वीस. गादीवर आहेत मन्सूर यांचे पुत्र अल-महदी, अब्बासी घराण्यातले तिसरे खलिफा. 'अरेबियन नाइट्स'मुळे आपल्याला माहीत असलेले हारून अल-रशीद हे याच महदींचे चिरंजीव.

समोर बसलेत टिमथी. मराठी बायबलमध्ये हे नाव 'तीमथ्य' असं येतं. हे 'चर्च ऑफ द ईस्ट' म्हणजे पूर्वेच्या चर्चचे सर्वोच्च प्रमुख, पदाचं नाव 'कॅथोलिकोस'. ७८० मध्ये ते या पदावर आले आणि ८२३ मध्ये मरेपर्यंत राहिले. त्रेचाळीस वर्षांत पाच खलिफा पाहिले त्यांनी! त्यांचा कारभार इराक आणि इराणपासून मध्य आशियातल्या तुर्कांपर्यंत, आणि इकडे भारतापर्यंत पसरलेला होता.

भारत म्हटल्यावर इथे आपला एक धागा जुळतो. टिमथींच्या आधी दोनशेहून जास्त वर्षं, सहाव्या शतकात, कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की 'कल्लियाना' नावाच्या बंदरात एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणमधून होते. बरेच अभ्यासक हे कल्लियाना म्हणजे आपलं ठाण्याजवळचं कल्याण मानतात. तेव्हा 'हे सगळं लांब अरबस्तानातलं' असं म्हणायच्या आधी कल्याण स्टेशन आठवा.

आता महत्त्वाची गोष्ट. हे दोघं बरोबरीचे नव्हते. खलिफाचं राज्य होतं, टिमथींचे लोक प्रजा होते. त्यांना आपला धर्म पाळायची मुभा होती, पण जिझिया भरून. आणि महदी नुसते गोड बोलणारे राजे नव्हते. 'झिंदीक' ठरवलेल्या लोकांना, म्हणजे मुख्यतः मानी पंथाच्या अनुयायांना, त्यांनी शोधून शोधून शिक्षा केल्या. त्यामुळे टिमथींचा एक शब्द चुकला असता, तर किंमत एकट्या टिमथींनी मोजली नसती.

पण हेही खरं की महदींना वाद घालायची मनापासून आवड होती. ॲरिस्टॉटलचा 'टॉपिक्स' नावाचा ग्रंथ आहे, वादविवाद कसा करावा याचा. तो अरबीत आणायचं काम त्यांनी कोणावर सोपवलं असेल? याच टिमथींवर! टिमथींनी एका सहकाऱ्याच्या मदतीने सिरियाक भाषेतून तो अरबीत आणला. म्हणजे वादाचे नियम दोघांनाही ठाऊक होते.

भिंतीवर लिहिलेला प्रश्न

खलिफाच्या प्रश्नाकडे जाण्याआधी नव्वद वर्षं मागे जाऊ, जेरुसलेमला. तिथला सोनेरी घुमट तुम्ही फोटोत नक्की पाहिलाय. डोम ऑफ द रॉक. उमय्या घराण्यातले खलिफा अब्द अल-मलिक यांनी तो बांधला. आत कमानींच्या वर मोझेकमध्ये अरबी मजकुराची सुमारे २४० मीटर लांब पट्टी आहे आणि त्यात साल आहे हिजरी ७२, म्हणजे इसवी सन ६९१-९२. आज शिल्लक असलेल्या कुराणातल्या मजकुराच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक.

या पट्टीत काय आहे? मक्केचं वर्णन नाही, लढायांची यादी नाही. मजकूर मोठ्या प्रमाणात मरियमपुत्र येशूबद्दल आहे. आशय असा : ग्रंथधारकांनो, धर्मात अतिरेक करू नका. येशू मसीहा अल्लाहचे प्रेषित आहेत, मरियमकडे पाठवलेला त्याचा शब्द आहेत, त्याच्याकडून आलेला आत्मा आहेत. पण 'तीन' म्हणू नका. अल्लाह एकच आहे, आणि त्याला मूल असावं या कल्पनेपलीकडे तो आहे.

आता हे जेरुसलेममध्ये लिहिलंय. तिथून थोड्याच अंतरावर येशूच्या कबरीवर बांधलेलं चर्च उभं आहे. म्हणजे दगडामोझेकमधून शेजाऱ्याशी केलेलं हे संभाषणच.

गंमत बघा. इस्लाम येशूला नाकारत नाही. कुमारी मरियमच्या पोटी जन्म, मसीहा ही पदवी, चमत्कार, हे सगळं इस्लामला मान्य आहे. कुराणाची १९ वी सूरा मरियमच्याच नावाची आहे. त्यांना अल्लाहचा 'शब्द' असंही म्हटलंय. आणि योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातही 'शब्दा'नेच होते. म्हणजे शब्द एकच, वाद त्याच्या अर्थावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिला दिवस : 'देवाने लग्न केलं का?'

या भेटीची नोंद टिमथींनी स्वतः सिरियाक भाषेतल्या एका पत्रात लिहून ठेवली. पुढे ती अरबीतही गेली आणि खूप वाचली गेली. एक सावधगिरी मात्र हवी : लिहिणारे टिमथी आहेत. खलिफाने स्वतः लिहिलेली बाजू आपल्याकडे नाही. त्यामुळे लांबलचक उत्तरं टिमथींच्या वाट्याला आलीत, यात नवल नाही. मी खाली आशय सांगतोय, शब्दशः नाही.

टिमथींनी आधी देवाची स्तुती केली. ती ऐकून खलिफा म्हणाले, की तुमच्यासारखा जाणता माणूस देवाबद्दल इतकं सुंदर बोलतो, आणि त्याच देवाने एका स्त्रीशी लग्न करून मुलगा जन्माला घातला असं कसं म्हणतो?

यामागचा तर्क कुराणाच्या सहाव्या सूरेत आहे : ज्याला जोडीदार नाही त्याला संतती कुठून असणार? आणि ११२ वी सूरा, इख्लास, जी बहुतेक मुसलमान मुलांना लहानपणीच पाठ होते, तिचा गाभाच हा आहे की अल्लाह एक आहे, त्याने कोणाला जन्म दिला नाही, त्याला कोणी जन्म दिला नाही, त्याच्या तोडीचं कोणी नाही. यालाच तौहीद म्हणतात. देवाच्या बरोबरीला कोणाला बसवणं म्हणजे शिर्क, सगळ्यात मोठं पाप.

टिमथींचं उत्तर काय? ते चक्रावलेच. देवाबद्दल असलं अभद्र कोण बोललं, असा त्यांचा सूर. आम्ही असं म्हणतच नाही! सूर्यापासून जसा प्रकाश निघतो, मनातून जसा शब्द निघतो, तसा पुत्र पित्यापासून. त्यात स्त्री नाही, देह नाही, काळही नाही. सूर्य आधी आणि प्रकाश दोन तासांनी, असं कधी होतं का?

इथे थोडं थांबूया. 'पुत्र' हा शब्द आपण मराठीतही सैल वापरतो. 'भूमिपुत्र' म्हटलं की जमिनीने बाळंतपण केलं असं कोणी समजत नाही. अरबीतही प्रवाशाला 'इब्न अस-सबील' म्हणतात, म्हणजे वाटेचा मुलगा. पण घाई नको. ख्रिस्ती लोक 'पुत्र' हे फक्त अलंकार म्हणून वापरतात असंही नाही. त्यांच्या मते ते नातं खरं आहे, अनादि आहे, फक्त शारीरिक नाही. म्हणजे इस्लाम जे नाकारतो ती शारीरिक संतती ख्रिस्ती धर्मही नाकारतो. पण ख्रिस्ती धर्म त्यानंतर जे मांडतो, ते इस्लामला तरीही मान्य नाही. खरा मतभेद तिथे सुरू होतो.

'मग तीन का म्हणता?'

खलिफा काही लगेच पटलं म्हणणारे नव्हते. एक म्हणता, मग तीन का?

टिमथींनी दाखले दिले. सूर्य, त्याचा प्रकाश, त्याची उष्णता : तीन सूर्य नव्हेत, सूर्य एकच. राजा, त्याचा शब्द, त्याचा प्राण : राजा एकच. तीन सोन्याच्या मोहरा : मोजल्या तर तीन, सोनं म्हणून एक.

खलिफाने बरोबर वर्मावर बोट ठेवलं. तुमचे तिघे जर वेगळे होऊच शकत नाहीत, तर पुत्राने देह घेतला तेव्हा पिता आणि आत्म्यानेही घेतला म्हणायचं का? खरं सांगतो, आजही हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वर्गात अवघड जातो. टिमथींचा दाखला दरबाराला शोभेल असा होता : महाराज, तुमचा शब्द पपायरसवर लिहिला जातो. शब्द कागदावर उतरतो, पण तुमचं मन किंवा तुमचा प्राण कागदावर उतरला असं कोणी म्हणत नाही. आणि तरी तो शब्द तुमच्यापासून तुटलेला नसतो.

मग खलिफा म्हणाले, तीन हा आकडाच अनेकपणा सांगतो, देवात अनेकपणा नाही, म्हणून तीनला तिथे जागा नाही. टिमथी म्हणाले, तसं बघितलं तर सगळी मोजणी एकपासून सुरू होते. मोजणीच देवाला लागू नसेल, तर 'एक' हा आकडाही लागू नाही.

आता लक्षात येतंय का वाद कुठे आलाय? 'देव एक की तीन' हा प्रश्न मागे पडला. दोघंही एकच म्हणतायत. प्रश्न असा झाला, की 'एक' या शब्दाचा अर्थ काय? इस्लामच्या तौहीदमध्ये एक म्हणजे ज्याच्या आत भाग नाहीत आणि ज्याच्या बाहेर भागीदार नाही. ख्रिस्ती त्रैक्यात एक म्हणजे एकच देवत्व, पण त्या एकातच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं अनादि नातं.

ख्रिस्ती लोकांनाही हे एका रात्रीत सुचलं नव्हतं. अलेक्झांड्रियाचे धर्मगुरू एरियस म्हणत, की पुत्र श्रेष्ठ खरा, पण देवाने निर्माण केलेला. ३२५ मध्ये नायसिया इथल्या धर्मपरिषदेने हे फेटाळलं आणि पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे असं ठरवलं. ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पवित्र आत्म्याबद्दलची भूमिका पक्की झाली. त्यातही ग्रीकमधले शब्द वेगळे, सिरियाकमधला 'क्नोमा' वेगळा, आणि त्यावरून अरबीत आलेला 'उकनूम' आणखी वेगळा ऐकू येणार. अरबी कानाला 'तीन उकनूम' म्हणजे तीन स्वतंत्र व्यक्तीच वाटल्या तर चूक कोणाची?

सगळेच दाखले काही भारी नव्हते हं. कुराणाच्या काही सूरांच्या सुरुवातीला अलिफ-लाम-रा अशी सुटी अक्षरं येतात. टिमथींनी त्या तीन अक्षरांतही त्रैक्य शोधलं. हे आज वाचताना जरा ओढूनताणून वाटतं. वादात माणूस हातात येईल ते वापरतो, टिमथीही त्याला अपवाद नव्हते.

दुसरा दिवस : सगळ्यात धोक्याचा प्रश्न

मग खलिफाने विचारलं : मुहंमदांबद्दल तुमचं मत काय?

दरबार, खलिफा स्वतः पैगंबरांच्या घराण्यातले, आणि समोर ख्रिस्ती धर्मप्रमुख. खोटी स्तुती केली तर स्वतःचा धर्म गेला. अपमान केला तर बाकी सगळं गेलं.

टिमथी म्हणाले, ते सर्व विचारी माणसांच्या स्तुतीला पात्र आहेत, पैगंबरांच्या वाटेवरून चालले. का? पैगंबरांनी एकाच देवाची शिकवण दिली, यांनीही दिली. त्यांनी लोकांना वाईटापासून दूर केलं, यांनीही केलं. त्यांनी मूर्तिपूजेपासून लोकांना वळवलं, यांनीही वळवलं. अब्राहामशी त्यांनी तुलना केली.

नीट बघा. 'वाटेवरून चालले' म्हणाले, 'पैगंबर आहेत' असं म्हणाले नाहीत. आणि आमच्या ग्रंथांत त्यांच्याबद्दल भाकीत सापडत नाही, हे आधीच स्पष्ट सांगून झालं होतं. ही मुत्सद्देगिरी की मनापासूनचा आदर? मला वाटतं दोन्ही असावं. समोरच्याबद्दल जितकं चांगलं खरेपणाने म्हणता येईल तितकं म्हटलं, आणि जिथे पाऊल टाकता येत नव्हतं तिथे थांबले.

खलिफाने लगेच पकडलं : मग त्यांचं म्हणणं माना ना, की देव एक आहे! टिमथी म्हणाले, ते मी मानतोच. तौरात, संदेष्टे आणि शुभवर्तमान यांतून तेच शिकलोय. आणि गाडी पुन्हा तिथेच आली : एक म्हणजे काय?

नातवाच्या काळात उलटलेला प्रश्न

आता थोडं पुढे जाऊ, कारण गोष्टीचा खरा पेच इथे आहे. टिमथी गेले ८२३ मध्ये. दहाच वर्षांनी, ८३३ मध्ये, महदींचे नातू खलिफा अल-मामून यांनी काझी आणि विद्वानांना एकेक करून प्रश्न विचारायला लावला : कुराण हा देवाने निर्माण केलेला शब्द आहे की अनादि? 'निर्माण केलेला' असं मान्य करा, नाहीतर शिक्षा. इतिहासात याला 'मिहना' म्हणतात.

मामून यांचा युक्तिवाद ऐका. त्यांच्या पत्रात आहे, की कुराण अनिर्मित म्हणणारे लोक ख्रिस्ती लोकांसारखंच बोलतायत. तेही येशू देवाचा शब्द म्हणून निर्माण केलेला नाही असंच म्हणतात! देवाबरोबर अनादि असं दुसरं काही मानलं, की तौहीदला धक्का लागतो, ही त्यांची भीती.

अहमद इब्न हनबल यांनी मानायला नकार दिला. तुरुंग भोगला, चाबकाचे फटके खाल्ले, पण देवाचं बोलणं निर्माण केलेलं नाही यावर ठाम राहिले. पुढे मिहना बंद पडली आणि सुन्नी परंपरेत हीच बाजू टिकली. देवाचं ज्ञान, सामर्थ्य, वाणी हे गुण त्याच्यापासून वेगळे की तोच, यावर अशअरी विचारवंतांनी वाट काढली : ते गुण म्हणजे तोच असं नाही, आणि त्याच्याहून दुसरे असंही नाही.

ओळखीचं वाटतंय ना? नायसियात एरियसला विचारलेला प्रश्न बगदादमध्ये वेगळ्या कपड्यांत परत आला. अनादि देवाचा शब्द अनादि की निर्माण केलेला? दोन्ही धर्मांत मुख्य धारेचं उत्तर पडलं : अनादि.

म्हणून 'सगळं सारखंच' असं मी म्हणणार नाही. फरक मोठा आहे आणि तो पुसून कोणाचंच भलं होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत तो शब्द माणूस झाला, भूक लागली, वधस्तंभावर मेला. इस्लामी श्रद्धेत तो शब्द ग्रंथरूपाने उतरला, म्हणून कुराणाचं पठण इतकं पवित्र. देव स्वतः माणूस होणं, हे एकाला प्रेमाची परिसीमा वाटते, दुसऱ्याला देवाच्या थोरवीला न शोभणारी गोष्ट. इथे तडजोड नाही. पण 'त्यांचा देव लग्न करतो' किंवा 'त्यांना येशू मान्यच नाही' ही वाक्यं दोन्हीकडून चूक आहेत, आणि बहुतेक भांडणं याच वाक्यांवर होतात.

अंधाऱ्या घरातला मोती

दरबारातला शेवट सांगतो आणि थांबतो.

टिमथींनी एक दाखला दिला. समजा मध्यरात्र आहे, घरात मिट्ट काळोख आहे, आणि आपण सगळे आत आहोत. एक अनमोल मोती खाली पडतो. सगळे चाचपडायला लागतात. एकाच्या हाती मोती येतो, दुसऱ्याच्या काचेचा तुकडा, तिसऱ्याच्या खडा. पण प्रत्येकाला वाटतं मोती माझ्याच मुठीत आहे. उजाडल्यावरच कळणार. हे जग म्हणजे ते अंधारं घर, आणि मोती म्हणजे खरी श्रद्धा.

टिमथींना आपल्या मुठीत काय आहे याबद्दल शंका होती असं समजू नका. सत्कर्मांतून त्या मोत्याची थोडी चमक इथेही दिसते, अशी पुस्ती त्यांनी जोडली, आणि ती चमक आपल्याकडे आहे अशी त्यांची खात्री होती. खलिफा म्हणाले, आम्हाला देवावर भरवसा आहे की मोती आमच्याच हातात आहे. यावर टिमथी काय म्हणाले? 'आमेन.' आणि पुढे, त्या मोत्याच्या तेजात आम्हालाही तुमच्याबरोबर वाटा मिळो.

कोणी हरलं नाही, कोणी धर्म बदलला नाही. टिमथी आपल्या कामाला गेले, खलिफा आपल्या.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? पहिल्या मिनिटाला खलिफाने टिमथींची श्रद्धा अशा शब्दांत मांडली, जी टिमथींना ओळखताच आली नाही. पुढच्या दोन दिवसांत ते शब्द दुरुस्त होत गेले, आणि तेव्हा कुठे खरा मतभेद समोर आला. तेव्हा पुढच्या वेळी कमेंट टाइप करताना एक करून बघा. समोरच्याची श्रद्धा आधी अशी लिहा, की तो वाचून 'हो, आम्ही हेच मानतो' म्हणेल. मग खुशाल वाद घाला.

तुमच्या मित्रमैत्रिणींमध्ये या विषयावर कधी शांतपणे बोलणं झालंय का? कसं झालं, नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!